तीन अक्षरांनंतर श्वास

सोमवार, ३ ऑक्टोबर

प्रिय बेडक्या,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे, मी बरी आहे, मांजर आम्हा दोघींपेक्षा बरं आहे. तुझं मागच्या आठवड्यातलं पत्र पोचलं. पहिल्या दोन ओळी अक्षर नीट काढलंयस, तिसरीपासून पुन्हा कोंबडीचे पाय. पस्तिशी ओलांडलेल्या माणसाला आता छडी कोण मारणार, म्हणून सोडून देते.

तू आईला आणून दिलेलं कानाचं यंत्र मधे तीन दिवस बंद होतं. काही बिघडलं नव्हतं, मीच ते एका दुकानात तपासायला दिलं होतं. उगाच आपलं. ते तीन दिवस आई माझ्याशी हातवारे करून बोलत होती. बहिरी तू आहेस, मी नाही, हे तिला पटवून देता देता माझ्या नाकी नऊ आले. यंत्र परत कानात गेल्यावर तिने पहिल्यांदा ऐकली ती माझी कुरकुर. म्हणाली, हे बंद होतं तेच बरं होतं.

आमच्या ऐकायच्या खोलीचे दिवस मात्र सध्या बरे नाहीत. मास्तरांना घरी बसवलंय. तुला मास्तर माहीत आहेत, हेडफोन लावून डोळे मिटायला मला ज्यांनी शिकवलं ते. बंदराच्या तोंडाशी पाण्यात सोडलेल्या माईकमधून येणारा प्रत्येक आवाज त्यांच्या ओळखीचा. कुठली बोट, भरलेली की रिकामी, कुणाचा पंखा वाकलाय, सगळं बसल्या जागी सांगायचे. सव्वीस वर्षं झाली आणि निवृत्तीला सात महिने उरले होते.

गस्तीची लाँच कधी बाहेर पडते आणि कधी गोदीत असते हे कुणीतरी बाहेर पोचवतंय, आणि ती नसते नेमकी तेव्हाच पाण्याखालून माल आत येतो, असं वरच्यांचं म्हणणं. पाण्याखाली वाट बघत बसलेल्या माणसाला फोन लावता येत नाही, म्हणून निरोपही पाण्यातूनच जातात म्हणे, आवाजाच्या खुणांनी. चौकशीला एक बाई आल्या आहेत. पांढरे केस, बारीक आवाज. प्रश्न विचारून झाला की पेनाला टोपण लावतात आणि बसून राहतात. मला त्यांची भीती वाटते. त्या माझ्यासारख्याच गप्प राहून ऐकतात.

नोंदवहीत मास्तरांच्या अक्षरात एकोणीस नोंदी निघाल्या, सगळ्या एकसारख्या: दुपारी दोन चाळीस, डॉल्फिन. ती फेरीबोट सुटायची वेळ. तिच्या घरघरीच्या आडून शिट्ट्या येतात. बाई म्हणाल्या की डॉल्फिन घड्याळ बघून शीळ घालत नाहीत. मास्तर डबा, चष्म्याचं घर आणि खुर्चीवरची उशी घेऊन निघून गेले.

असो. मच्छीमारांच्या जाळ्यांना लावायच्या तुझ्या भोंग्यांचा धंदा कसा आहे? त्या शिट्टीने डॉल्फिन खरंच जाळ्यापासून लांब राहतात का, की नुसतं त्यांच्या मनाचं समाधान? तू सुट्टीचं विचारलं होतंस. या आठवड्यात गुरुवारी मी तीनलाच मोकळी होईन. लाँचचं इंजिन उतरवलंय, त्यामुळे गुरुवारी ती दिवसभर गोदीत आणि आम्हालाही लवकर सुट्टी. येतोस का घरी? नाही जमलं तर दुपारचा कुठे असतोस ते तरी कळव. तुझ्या कारखान्यात मी दोनदा दुपारी फोन केला, कुणी उचलला नाही.

हे पत्र आत्ताच फेरीच्या टपालात टाकते, उद्या खाडीपलीकडे तुझ्या हातात पडेल. वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई


शुक्रवार, ७ ऑक्टोबर

बेडक्या,

आशीर्वाद शेवटी बघू. आधी हे वाच: लाँचचं इंजिन कुणी उतरवलेलं नव्हतं.

गुरुवारी लाँच गोदीत राहणार, हे मी माझ्या मनाने रचलं आणि एकाच माणसाला सांगितलं. तुला. तेव्हा मास्तर घरी बसले होते. बाईंना मी काही बोलले नव्हते. आईलाही सांगितलं नाही, नाहीतर संध्याकाळपर्यंत ते चार घरांत गेलं असतं.

बुधवारी दोन चाळीसला मी हेडफोन लावून बसले होते. फेरीचा भोंगा झाला, इंजिन सुरू झालं, आणि त्या घरघरीखालून शिट्ट्या यायला लागल्या. बारीक, गोड, अगदी डॉल्फिनसारख्या. बाईंच्या कॉम्प्युटरवाल्यांनी या शिट्ट्यांवर तीन आठवडे डोकं घातलंय. चढ मोजले, उतार मोजले, हाती काही लागलं नाही. लागेल कसं? त्यांनी हौदात डोकं घातलेलं नाही.

तुला आठवतो ना मागच्या अंगणातला हौद? बाबांना दुपारी झोपताना घरात सुई पडलेली चालायची नाही, म्हणून आपण पाण्याखाली बोलायचो. तू सात वर्षांचा, मी बारा. दगडाने हौदाच्या भिंतीवर ठोके. क, च, ट, त, प या ओळी, ओळीचा नंबर आधी आणि अक्षराचा नंबर नंतर. एक ठोका, थांबून तीन ठोके, म्हणजे ग. सहावी ओळ य-र-ल-वची, सातवी श-ष-स-हची. काना-मात्रा नाहीत, तेवढा दम कुणाला होता. मला तू नुसतं त म्हणायचास. चार ठोके, मग एक.

बुधवारी मी शिट्ट्यांचे चढउतार सोडून दिले आणि नुसत्या मोजल्या. ग, र, व. मग मोठी फट. र, ल, च. पुन्हा तेवढीच फट. न, ह. गुरुवार लाँच नाही. कागदावर लिहिताना शेवटचा ह मला परत काढावा लागला.

अक्षरं कुणीही शिकेल. पण त्या फटी, बेडक्या. तुझ्या भोंग्यासारख्या शिट्टी वाजवणाऱ्या यंत्राला दम लागत नाही. मग दर तीन अक्षरांनंतर ते कशाला थांबतं? एकदा तू एका दमात अख्खं वाक्य ठोकायला गेलास, विसरलास? ओठ निळे पडले होते तुझे. मी केसांना धरून तुला वर ओढलं आणि एक थोबाडीत दिली, आणि मग आपण दोघंही बराच वेळ रडलो, तेही आवाज न करता, बाबा उठतील म्हणून. त्या दिवशी मी नियम घातला. तीन अक्षरं झाली की वर यायचं, श्वास घ्यायचा, मग पुढचं. तुझी बोटं अजून तो पाळतात. तुझ्या लक्षातही आलं नसेल.

गुरुवारी चार वाजता लाँच नेहमीसारखी गस्तीला बाहेर पडली. बंदराच्या तोंडाशी तीन पिंपं तरंगताना सापडली, सोबतची माणसं पळाली. लाँचच्या वायरलेसवरून किती जण होते, कुणाला लागलं का, हे कळायला तब्बल एक तास गेला. त्या तासात मी काय काय कबूल केलं असतं, ते तुला सांगून उपयोग नाही. तू पाण्यात होतास की नाही एवढंच मला हवं होतं. पळालेले दोघेही विशीतले पोरगे होते म्हणाले, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

आता माझं ऐक. काल मी तुझी सगळी पत्रं काढून ओळीने मांडली. एकतीस आहेत. बाबांची होडी तू परस्पर विकलीस आणि आपण चार वर्षं एकमेकांशी बोललो नाही. फोन मी उचलला नसता म्हणून फेब्रुवारीत तू पत्र लिहिलंस. मी ते आईला तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं. केवढी हरखले होते मी, माझा भाऊ परत आला म्हणून. आणि काल बघते तर एकतिसांपैकी सव्वीस पत्रांत एकच प्रश्न. ताई, सुट्टी कधी? ताई, या आठवड्यात कुठल्या दिवशी लवकर सुटतेस? मला वाटायचं भेटायला यायचं असेल. आलास किती वेळा? दोनदा. पण मी प्रत्येक वेळी भरभरून लिहीत गेले. मंगळवारी लाँच चारला जाते म्हणून उशीर होईल, शनिवारी ती रंगवायला घेतलीय म्हणून मोकळी. कुठेतरी पाणी मुरतंय म्हणून अख्खं ऑफिस शोधतंय, आणि ते माझ्याच पत्रांतून वाहत होतं.

आईचं यंत्र मी दुकानात का दिलं, आता तुला कळलं असेल. मला वाटलं त्यात काहीतरी बसवलं असशील, आमच्या घरातलं ऐकायला. स्वतःच्या भावाने आईला दिलेली वस्तू मी स्क्रू काढून तपासायला लावली. काही निघालं नाही. दुकानदार म्हणाला, ज्याने हे कानाच्या मापाला घासून बसवलंय त्याने जीव लावून बसवलंय. ते ऐकून मला तुझा जास्तच राग आला. पूर्ण वाईट निघाला असतास तर माझं काम सोपं झालं असतं.

काल संध्याकाळी मास्तरांकडे जाऊन आले. काकूंनी चहा दिला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. मास्तर जे बोलले ते आज मला लिहवत नाही.

तुला मंगळवार दुपारी चारपर्यंत वेळ देते. बंदराच्या ऑफिसात स्वतःच्या पायाने ये. मी फाटकाशी असेन, तुझ्याबरोबर आत येईन. तू आलास तर ते तुझं कबूल करणं होईल. नाही आलास तर मला बोलावं लागेल, आणि तुला चांगलं माहीत आहे की मी बोलते.

आशीर्वाद आहेतच. ते मला परत घेता येत नाहीत.

ताई


बुधवार, १२ ऑक्टोबर

बेडक्या,

हे पत्र टपालाने येणार नाही. चौकशीच्या बाई ते तुला हातात देतील, आणि देण्याआधी त्यांनी ते वाचलेलं असेल. मीच वाचायला सांगितलंय. यापुढे आपल्या दोघांतलं काही आडून जायला नको.

काल मी अकरापासून फाटकाशी होते. पहारेकऱ्याने खुर्ची दिली. लांबून येणारा प्रत्येक माणूस मला तुझ्यासारखा चालताना दिसत होता. अडीचला बाईंनी आत बोलावलं, म्हणाल्या, दोन चाळीस व्हायला आलेत, तुमचे कान लागतील. त्या माझ्या शेजारी दुसरा हेडफोन लावून बसल्या.

फेरी सुटली आणि तू आलास. त, म, फ. फट. क, र.

ताई माफ कर.

बेडक्या, पहिला विचार काय आला सांगू? हा माफी मागतोय की मला आणखी एक दिवस गप्प बसवतोय? तूच मला असं करून ठेवलंयस. माझ्या भावाच्या तोंडची माफीसुद्धा मी उलटसुलट करून बघते, आत काही लपवलंय का म्हणून. आणि दुसरा विचार असा की या वेळची फट नेहमीपेक्षा लांब होती, म्हणजे तुझा दम कोंडला होता. तो खरा असावा असं मला वाटतं. वाटतं एवढंच. खात्री देता येत नाही.

बाईंनी विचारलं, "काय ऐकलंत?"

आता मागच्या पत्रात जे टाळलं ते लिहिते. मी तुला लिहिलं की मी तुला बुधवारी ओळखलं. ते खोटं आहे. मी तुला मे महिन्यातच ओळखलं होतं. दुसऱ्या का तिसऱ्या शिट्टीला. अक्षरं तेव्हा मोजली नव्हती, मोजायची हिंमतच केली नाही, पण ती तीननंतरची फट कानात शिरली. मनात पाल चुकचुकली तशी मी तिला झटकून टाकली. योगायोग असेल म्हटलं. आणि मास्तरांना सांगितलं, डॉल्फिन.

आमच्या खोलीची रीत अशी की धाकट्याने ऐकून सांगायचं आणि मोठ्याने नोंदवहीत लिहायचं. म्हणून सगळं अक्षर मास्तरांचं. त्यातून गेली दोन वर्षं मास्तरांना बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. हे मला माहीत होतं आणि त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. ऑफिसला कळलं असतं तर त्यांना तेव्हाच घरी पाठवलं असतं, म्हणून मी त्यांचे कान झाले. ते नुसते माझ्या तोंडाकडे बघायचे. मी म्हणायचे डॉल्फिन, ते लिहायचे डॉल्फिन. एकोणीस वेळा. प्रत्येक वेळी ते मला विचारायचे, "नक्की ना पोरी?" आणि मी मान हलवायचे.

गुरुवारी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते खिडकीशी बसले होते. चौकशीत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं, आपल्या कानांचंही सांगितलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कान तुझे होते, सही माझी होती. सहीचं मी निस्तरीन. कानाचं तू बघ." एवढंच. त्यांना सगळं कळलेलं होतं, फक्त कुणासाठी हे कळलेलं नव्हतं, आणि त्यांनी ते विचारलंही नाही.

तुला ती गुरुवारची थाप मी सापळा म्हणून लिहिली असं तुला वाटेल. बाईंनाही तसंच वाटलं, म्हणाल्या, हुशारीने पकडलंत. हुशारी कसली. ती मी अशासाठी लिहिली की बुधवारी शिट्टी येऊ नये. दोन चाळीस व्हावेत, फेरी निघून जावी, पाणी नुसतं पाणी राहावं, आणि मी खोटी ठरावी. खोटं ठरायला मी इतकी आसुसलेली कधीच नव्हते.

तर काल बाईंना मी सगळं सांगितलं. हौद, ओळी, ठोके. तुझी एकतीस पत्रं त्यांच्या टेबलावर ठेवली. लाँचच्या वेळा मी तुला कळवल्या आणि एकोणीस वेळा डॉल्फिन म्हटलं, तेही माझ्या नावाने लिहून दिलं. माझं ओळखपत्र काढून घेतलंय. पुढे काय होईल ते होईल, मला नोकरीवर ठेवतील असं वाटत नाही. मास्तरांना उद्या परत बोलावलंय. कानांचं त्यांनी स्वतःच सांगायचं ठरवलंय.

बाईंनी शेवटी विचारलं की या फटी म्हणजे काय, आमच्या लोकांनी त्या कचरा म्हणून गाळून टाकल्या होत्या. मी म्हटलं, "तिथे माझा भाऊ श्वास घेतो. मीच लावलेली सवय आहे." त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी तुला जगवायला जो नियम घातला, त्याच नियमाने तुला पकडून दिलं. हे लिहिताना मला रडू येतंय आणि ते मी लपवणार नाही. वाचू देत त्यांनाही.

आईलाही सांगितलं. मला वाटलं ती यंत्र काढून ठेवील, म्हणजे पुढचं ऐकायला नको. तिने काढलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हे तरी त्याने माझ्यासाठीच आणलं होतं ना?" मी म्हटलं, हो. तेवढं मी तपासून घेतलंय.

आता बाई तुझ्या दारात उभ्या आहेत. मागच्या जिन्याने जाऊ नकोस, तिथेही माणसं आहेत, आणि तो जिना त्यांना मीच सांगितलाय. त्यांच्याबरोबर ये. पिंपांत काय होतं, तुला माहीत होतं का, कुणी करायला लावलं, तू हो का म्हणालास, सगळं सांग. त्या दोन पोरांचंही सांग, तीही कुणाची तरी आहेत. मी बाजूच्या खोलीत बसलेली असेन, भिंत पातळ आहे. मला माफ करता येईल की नाही ते आज माहीत नाही. पण त्याचं उत्तर मी पाण्यातून देणार नाही, तोंडावर देईन.

एका दमात सांगायला जाऊ नकोस. तुला ते कधीच जमलं नाही.

तीन अक्षरं कधीच झाली, बेडक्या. वर ये.

त